पाचव्या सॉकेटचा कागद

इंदू,

ऑफिसात मी तुला कायम 'इंदूबाई' म्हणालो. अहोजाहो केलं. आज तू म्हणतो. तुझ्याहून सोळा वर्षांनी मोठा आहे, तेवढा हक्क घेतो. आणि जे सांगायचं आहे ते अहोजाहोत माझ्याच्यानं सांगून होणार नाही.

मंगलाचा फोन आला तेव्हा मी सुनेच्या लॅपटॉपशी झटत होतो. डोळ्याचं ऑपरेशन व्हायच्या आत जुने फोटो पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायचे होते. लॅपटॉपला डावीकडे दोन खाचा, उजवीकडे एक. तिन्ही सारख्याच दिसतात. डावीकडच्या एकीत लावलं तर मशीन म्हणतं, चाळीस मिनिटं लागतील. दुसऱ्या बाजूला लावलं तर सहाच मिनिटं. फोटो तेच, पेनड्राइव्ह तोच. मी परत परत काढून लावून पाहत होतो. सून स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, आत निळं दिसतं ना, त्यात लावा. निळं ते फास्ट." मी बॅटरी घेऊन आत पाहिलं. खरोखरच एका खाचेत निळी पट्टी होती. मला हसू आलं. आता कंपनीवालेच हळदकुंकू लावून देतात, हे इंदूला सांगायला हवं, असं मनात आलं. एवढ्यात फोन वाजला. मंगला म्हणाली, "सर, आपली इंदू गेली. सावनेरला, घरीच."

मंगला अजून मला सर म्हणते. तू मात्र पहिल्या दिवसापासून 'भाऊ' म्हणालीस, आणि ऑफिसनं त्यावर आठ दिवस करमणूक करून घेतली.

त्या आठ महिन्यांविषयी लिहितो आहे. ऐंशीच्या दशकाचा मध्य. धरमपेठेतलं ते दुमजली ऑफिस, वरच्या मजल्यावर काचेची खोली, बाहेर चपला काढायच्या. आत कपाटाएवढं मशीन, तीन ऑपरेटरांचे तीन स्क्रीन आणि चौथा माझा, कारण खोलीचा इनचार्ज मी. काम विहिरींच्या नोंदींचं होतं. गाव, विहीर, खोली, उन्हाळ्यातलं पाणी, पावसाळ्यानंतरचं पाणी, खडक कोणता. जुनी नोंद स्क्रीनवर बोलवायची, नवे आकडे भरायचे, पुन्हा एकदा अख्खी नोंद बघायची आणि पुढची घ्यायची. संध्याकाळी कुणाच्या किती नोंदी झाल्या ते फळ्यावर लिहायचं. लिहायचो मी.

मंगलाचा आकडा तुझ्या दुप्पट असायचा, रोज.

तू सावनेरहून सकाळच्या बसनं यायचीस, सगळ्यांच्या आधी पोचायचीस आणि फळ्यावर सगळ्यांच्या खाली राहायचीस. मंगला एकदा म्हणाली, "इंदू, तू फॉर्म भरतेस की कापूस वेचतेस?" तू मान वर न करता उत्तर दिलंस, "कापूस येचला असता तं आतापरेंत दोन ओझे झाले असते." सगळे हसले, मीही हसलो. आणि शनिवारी आठवड्याच्या तक्त्यावर तुझ्या नावापुढे लिहिलं: हात संथ. आठ महिन्यांनी तुला कायम करायचं की नाही हे त्या तक्त्यावरूनच ठरणार होतं. हे तुला माहीत होतं, मलाही.

दुसरी कुणी असती तर रडली असती किंवा बोटं मोडून घेतली असती. तुला कुतूहल वाटलं. सातव्या महिन्यात कधीतरी तू माझ्या टेबलाशी येऊन म्हणालीस, "भाऊ, मले वाटते मी हळू नाही. जागा हळू आहे."

मी म्हणालो, जागा कशी हळू असेल, मशीन एकच आहे.

"तेच तं पाहाचं आहे ना जी. मशीन एकच, मंग काहून असं?"

आणि तू पाहायला लागलीस. जेवणाच्या सुट्टीत मंगला डबा खायला खाली गेली की तू तिच्या खुर्चीत बसायचीस. पाटणसावंगीच्या एका विहिरीची नोंद तू धरून ठेवली होतीस, अख्खा स्क्रीन भरणारी. तीच नोंद इथे बोलवायची आणि तिथे बोलवायची. माझ्याकडे हातातलं घड्याळ होतं, पण सेकंदाचा काटा बंद पडलेला. तू म्हणालीस, घड्याळ कशाला, पाढा आहे ना. सावनेरच्या शाळेत तुमच्या गुरुजींनी पाढे टाळीवर पाठ करून घेतले होते, एका लयीत. तुझा सतराचा पाढा कधी पुढेमागे झाला नाही. मंगलाच्या स्क्रीनवर ती विहीर 'सतरा दुणे चौतीस' म्हणेपर्यंत भरायची. तुझ्या स्क्रीनवर 'सतरा दाहे एकशे सत्तर' झालं तरी खालची ओळ येतच असायची.

मला आधी गंमत वाटली, मग मी ओढला गेलो. खरं सांगतो, इंदू, नोकरीच्या तेहेतीस वर्षांत मला तसे तीन आठवडे पुन्हा मिळाले नाहीत. मी इनचार्ज होतो, पण त्या मशीनला हात कसा लावायचा एवढंच मला ठाऊक होतं. ते असं का करतं, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

खुर्ची नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलं. हातही नाही, कारण मंगलाच्या जागी तुझा हात चालत होता. राहिला स्क्रीन, वायर आणि मशीनच्या पाठीवरचं सॉकेट. कपाटामागे आठ सॉकेटं होती, एकसारखी, पंचवीस-पंचवीस भोकांची, वर काही नाव ना नंबर. तू डावीकडून मोजून त्यांना एक ते आठ केलंस. माझी वायर एकमध्ये, मंगलाची दोनमध्ये, तिसरीची तीनमध्ये. चार रिकामं. पाचात प्रिंटर. तुझी वायर सातात.

मग टेबल हातभर सरकवून तुझी आणि मंगलाची वायर आपण अदलाबदल करून पाहिली, आणि दोन्ही स्क्रीनवर नुसती खिचडी आली. अक्षर अक्षराला ओळखत नव्हतं. मी घाबरलो. मशीनच्या मागे हात घालायचा नाही असा साहेबांचा लेखी हुकूम होता. वायरी जागच्या जागी लावू म्हणालो. तू मात्र त्या खिचडीकडे पाहत बसलीस.

"भाऊ, दोघं बोलून राहिले, पण एकमेकांच्या चालीनं नाही. हा धावून राहिला, तो चालून राहिला. म्हणून शब्द सांडून राहिले."

त्यावरून तू शोधलंस की स्क्रीनलाही कुठेतरी चाल सांगितलेली असणार. स्क्रीनच्या पाठीवर बोटभर झाकण होतं, त्याखाली बारीक बटणांची रांग, काही वर, काही खाली. मंगलाच्या स्क्रीनची बटणं जशी होती तशी तू तुझ्या स्क्रीनची केलीस, केसातल्या पिनेनं. वायर रिकाम्या चारात लावली. पाटणसावंगीची विहीर बोलवली. 'सतरा दुणे' म्हणेपर्यंत ती येऊन उभी राहिली.

तू मला टाळी दिलीस आणि लगेच हात मागे घेतलास. वडीलधाऱ्याला टाळी दिली म्हणून जीभही चावलीस.

पुढचे दिवस आपण एकेक सॉकेट तपासत गेलो, आणि साहेबांच्या हुकमाच्या धाकानं सुट्टी संपायच्या आत टेबल, बटणं आणि सातातली तुझी वायर पुन्हा होती तशी करून ठेवत गेलो. एक ते चार जलद. सहा, सात, आठ संथ. राहिलं पाचवं. त्यावरून आपलं जे भांडण जुंपलं ते तू गेलीस तरी मिटलेलं नाही.

पाचवं तू तपासलंस तेव्हा मी चहा सांगायला खाली गेलो होतो. परत येईतो प्रिंटरची वायर जागेवर गेली होती. तू म्हणालीस, पाचवं वेगळं आहे. जलद बटणं लावली तरी खिचडी, संथ लावली तरी खिचडी. मग तू तिसरीच जुळणी करून पाहिलीस आणि अक्षरं स्वच्छ आली, 'सतरा पाचा पंच्याऐंशी'ला. म्हणजे ना इकडचं ना तिकडचं. मी म्हणालो, असं नसतं, चाली दोनच. तुझी पीन घसरली असेल. तू म्हणालीस पीन घसरली असंल, पाढा नाही घसरत. पुन्हा बघायची संधी मिळाली नाही, कारण प्रिंटर मोकळा मिळेना.

तेवढ्यात दसरा आला. ऑफिसात मशीनची पूजा व्हायची. साहेब समोर हात जोडून उभे राहायचे, नारळ बाहेर व्हरांड्यात फुटायचा, कारण आत पाणी चालत नसे. हळदकुंकवाचं काम मुलींकडे. सगळ्यांनी समोरच्या दारावर बोटं लावली. तू ताट घेऊन मागे गेलीस. मी डोकावलो तर तू एक ते चारवर कुंकू लावत होतीस, सहा ते आठवर हळद. पाचव्यापाशी थांबलीस, माझ्याकडे पाहिलंस आणि दोन्ही लावलंस.

साहेबांनी त्याच मशीनला नमस्कार केला. त्यांना दिसलं ते फक्त देवाचं.

इथपर्यंतची गोष्ट तुझ्या घरी तू शंभरदा सांगितली असशील. पुढची तुला माहीत नाही. किंवा होती. ते मला आजही ठरवता येत नाही.

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी मी प्रिंटरची रिबन शोधत माझा खालचा ड्रॉवर उपसला. तळाशी एक घडी घातलेला कागद सापडला. मशीन बसवायला मुंबईहून आलेल्या इंजिनिअरनं जाताना दिलेला. इंग्रजीत, त्याच्या हातचा, आठ ओळी. मागे 'मिळाला' म्हणून माझी सही. तो देताना त्यानं तोंडीही काही सांगितलं होतं. मी मान हलवली होती, कारण 'समजलं नाही' म्हणायला मला कमीपणा वाटला. तो गेल्यावर मीच वायरी लावल्या, आणि सगळी जोडणी मीच केली असं साहेबांना मोठ्या ऐटीत सांगितलं. तुझी जागा मशीनच्या मागच्या भिंतीला होती. चारपर्यंत वायर न्यायला टेबल हातभर सरकवावं लागलं असतं. सात जवळ होतं, सातात लावली. एवढंच.

त्या आठ ओळींत ते सगळं होतं, जे तू पिनेनं आणि पाढ्यानं शोधलं होतंस. एक ते चार जलद, ऑपरेटरांसाठी. सहा ते आठ संथ, पुढे कधी टेलिफोनच्या तारेवरून लांबचं ऑफिस जोडलं तर त्यासाठी. ऑपरेटर यांवर बसवू नये, असं खाली रेघ मारून लिहिलं होतं.

मी कागद घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. उद्या दाखवू म्हणालो. उद्या तुला कायम करायचं की नाही याची साहेबांपुढे मीटिंग होती.

साहेबांपुढे तू सगळं नीट सांगितलंस. कोणतं सॉकेट, किती पाढा. ते शांतपणे ऐकत होते. वाईट माणूस नव्हता तो. एवढंच म्हणाले की पाढे म्हणून मशीन मोजलेलं मी कधी ऐकलं नाही. कंपनीनं आठ सॉकेटं दिली ती सारखीच दिली असणार. आणि मुळात मागे हात घालायची परवानगी कुणी दिली? मग माझ्याकडे वळले.

"तुम्ही इनचार्ज. याबद्दल कंपनीचं लेखी काही आहे का तुमच्याकडे?"

कागद खिशात होता. छातीला टोचत होता म्हटलं तर कुणाला खोटं वाटेल, पण त्याची घडी जाड होती आणि ती टोचत होती. तो काढला असता तर त्यामागची माझी सही निघाली असती. आठ महिने एक जागा माझ्यामुळे अर्ध्या चालीनं चालली, हे निघालं असतं. माझंही त्या वर्षी वरच्या जागेसाठी नाव गेलं होतं.

मी म्हणालो, "नाही."

तू साहेबांकडे पाहत होतीस, ती माझ्याकडे वळलीस. रागानं नाही. बटणांच्या रांगेकडे पाहायचीस तसंच, हे असं काहून, असं विचारल्यासारखं.

तुला कायम केलं नाही. हुकूम मोडला हे एक कारण, हात संथ हे दुसरं. तू खुर्चीची गादी घरून आणली होतीस, ती घेऊन गेलीस. जाताना मंगलाला म्हणालीस, "आता फळ्यावर सगळ्यायच्या खाली कोण राहीन, पाहा बरं."

त्यानंतर मी जे केलं ते त्या 'नाही'पेक्षाही वाईट होतं. पुढच्या महिन्यात तुझ्या जागी नवी मुलगी आली. त्याआधीच्या शनिवारी, सगळे गेल्यावर, मी टेबल हातभर सरकवलं, वायर सातातून काढून चारात लावली आणि बटणं तू दाखवली होतीस तशी केली. नव्या मुलीचा आकडा पहिल्याच आठवड्यात मंगलाच्या बरोबरीला आला. साहेब फळ्यापाशी थांबून म्हणाले, बघा, जागा तीच ना? तुझी चूक सिद्ध झाली ती माझ्या दुरुस्तीनं. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कधीच संथ नव्हता.

तू सावनेरला शाळेत गणित शिकवायला लागलीस. लग्न झालं. शेती, मुलं, पुढे मुख्याध्यापिका झालीस. आपण अधूनमधून भेटत राहिलो: मंगलाच्या मुलीच्या लग्नात, एकदा बसस्टँडवर, एकदा खापरखेड्याला कुणाच्या तरी वास्तूला. दर वेळी तू हसून तेच विचारायचीस, "भाऊ, पाचव्याचं काही समजलं का जी?"

मी दर वेळी म्हणायचो, त्यात समजायचं काय, ते सहासारखंच होतं. तू म्हणायचीस, नाही जी, येगळं होतं. आणि जेवणाच्या पंगतीत आपण पुन्हा खिचडी, पीन, बटणं असं भांडायचो. लोकांना वाटायचं, दोघांना केवढी जुनी आवड. मला ते भांडण हवंही असायचं. त्या तीन आठवड्यांत परत गेल्यासारखं वाटायचं. पण मी का भांडत होतो ते ऐक. पाचव्याबद्दल तू बरोबर आहेस असं म्हटलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस, कशावरून? आणि 'कशावरून' माझ्या कपाटात होतं, पोथीच्या कापडात गुंडाळलेलं.

तू मुद्दाम विचारत होतीस का, इंदू? मला सोडवायला? की तुला खरोखरच फक्त पाचव्याचंच कुतूहल होतं? दुसरंच खरं असण्याची शक्यता जास्त, आणि तेच मला जड जातं.

मशीन भंगारात गेलं त्या दिवशी मी मुद्दाम मागे जाऊन पाहिलं होतं. बाकी सगळं पुसलं गेलं होतं. पाचव्याच्या कडेला मात्र नारिंगी डाग होता.

चौथ्या दिवशी सावनेरला आलो. तुझे विठ्ठलराव ओसरीवर बसले होते. त्यांनी मला ओळखलं. म्हणाले, घरात दूध तापवणं असो की कुकर, इंदूचं सगळं पाढ्यावर चालायचं; शाळेतल्या पोरांनाही तिनं तीच सवय लावली. मी ऐकत होतो आणि कागद पुन्हा शर्टाच्या खिशात होता. पुन्हा तीच घडी. तेही शांतपणे बोलत होते, त्या साहेबांसारखेच. उठून निघालो असतो तरी कुणाला काही कळलं नसतं.

मी कागद काढला. आधी मागची सही दाखवली, मग सगळं सांगितलं: ड्रॉवर, मीटिंग, 'नाही', टेबल हातभर सरकवलं ते. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "मले इंग्रजी येत नाही. वाचून दाखवा."

तुझ्या फोटोसमोर बसून मी मराठीत सांगत वाचायला लागलो. पहिलं, जलद. दुसरं, जलद. तिसऱ्याशी चष्मा पुसायला थांबलो. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि विचारलं, "पाचव्याचं काय लिहिलं आहे?"

मी सांगितलं. पाचवं प्रिंटरसाठी. त्याची चाल मधली, जलदही नाही, संथही नाही. आठांत ते एकटंच तसं.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेऊन नीट घडी केला. मग फोटोकडे वळले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "ऐकलं का वं? पाचवं येगळंच होतं म्हणून राहिले."